क्लीनरच्या जागी मी

लॉकडाऊनमध्ये रस्ते कसे मोकळे झाले, याचं लोकांना काय ते कौतुक! ज्याच्या त्याच्या फोनमध्ये रिकाम्या रस्त्यांचे फोटो. मला त्या मोकळ्या रस्त्याची जेवढी धास्ती होती, तेवढी खुद्द कोरोनाचीही नव्हती. आमचे हे त्या रस्त्यावर ऑक्सिजनचा टँकर चालवत होते आणि त्यांना कुठे थांबायला निमित्तच उरलं नव्हतं.

टँकरवर एरवी दोन ड्रायव्हर असत. आठ तास झाले की स्टिअरिंग दुसऱ्याकडे द्यायचं, हा नियम होता आणि माल जोखमीचा म्हणून यांची कंपनी तो पाळतही होती. दुसऱ्या लाटेत जोडीदार तापाने आडवा झाला, पाठोपाठ क्लीनर. तेवढ्यात वरून हुकूम आला की संकट साऱ्या देशावरचं आहे, ऑक्सिजनच्या गाड्यांना सध्या तासांचं बंधन नाही. मॅनेजरने ही बातमी यांना अशा आवाजात सांगितली की मला वाटलं, पगारच वाढवला. मग हे एकटेच चाकणहून टँकर भरून आणायला लागले. आमच्या शहरातल्या दवाखान्याची टाकी भरली की उलट पावली परत. पडेगावच्या घरी यायचे ते दारातूनच डबा उचलायला.

एका दुपारी मी फोन केला आणि विचारलं, कुठवर आलात?

"घरीच आहे की," हे म्हणाले. मागून इंजिनाचा आवाज येत होता.

"अहो, कुठंयत तुम्ही?"

"वाढ ना आता. किती येळ?"

मी एवढ्या जोरात किंचाळले की शेजारीण मास्क न लावता धावत आली. तिकडे हे दचकले आणि म्हणाले, "काय झालं? सुप्याच्या पुढं आलोय." आपण आधी काय बोललो ते त्यांना आठवतच नव्हतं. मी मात्र त्या दिवशी जेवले नाही.

पुढच्या फेरीला मी टँकरवर चढले. क्लीनरची जागा रिकामीच होती. माझं ब्लाऊज शिवायचं काम बंद होतं, कारण लग्नंच होत नव्हती. मुलांना सासूबाईंपाशी ठेवलं. त्या म्हणाल्या, "बाईमाणूस टँकरवर? लोकं काय म्हणतील?" मी म्हणाले, "लोकं घरात बसल्यात आत्या, बघायला कोन येतंय?" हे माझ्यावर चिडले होते, पण खाली उतर म्हणाले नाहीत. त्यावरून त्यांनाही स्वतःची भीती वाटत होती, हे मी ओळखलं.

जाताना गाडी रिकामी होती, काही वाटलं नाही. चाकणला टँकरची ही लांब रांग लागलेली. ती मुंगीच्या पावलांनी सरकायची, त्यामुळे डोळा लागला की मागचा हॉर्न मारायचा. भरून निघालो तेव्हा उन्हाचा नुसता जाळ होता. पुढे पोलिसांची गाडी, तिचा सायरन आणि त्यामागे आम्ही. तेव्हा मला कळलं की झोप ड्रायव्हरला का गाठते. एरवी टोलनाक्यावर रांग असते, तिथे स्टिअरिंगला डोकं टेकून डुलकी काढता येते. धाब्यावर चहा असतो, तोंडावर पाणी मारता येतं. कुठे गाई आडव्या येतात, कुठे कुणाशी हुज्जत होते, तेवढाच माणूस जागा होतो. आता टोलची फाटकं आधीच उघडी, धाबे बंद, रस्ता सरळ आणि ओसाड. आमची सोय म्हणून जे जे केलं होतं, त्यानेच यांच्या पापण्या जड होत होत्या. जिल्ह्याची हद्द आली की पोलिसांची गाडी बदलायची. नवे पोलीस ताज्या दमाचे, हात हलवून "चला, चला" करणारे. ड्रायव्हर तेवढा तोच.

माझं माहेर मेंढरांमागे फिरणारं. उन्हात कळपामागे चालता चालता माणूस कसा झोपतो, ते मी वडिलांचं पाहिलंय. पाय थांबत नाहीत, डोळेही नीट मिटत नाहीत, फक्त काठीवरचा अंगठा सुटतो. म्हणून मी यांच्या डोळ्यांकडे बघतच नव्हते. स्टिअरिंगवरच्या अंगठ्यावर नजर ठेवून होते.

आणि बोलत होते. गोड बोलून यांना जाग येत नाही, म्हणून भांडण काढलं. माझ्या भावाच्या लग्नात रुसून बसला होतात, तिथपासून सुरुवात केली. मग यांच्या बहिणीचा आहेर काढला. हे तावातावाने उत्तरं देत होते, गाडी झकास चालली होती. नगरपर्यंत असं निभावलं. घोडेगाव मागे पडलं तेव्हा माझ्याकडचा साठा संपत आला. मला भांडायला कधी विषय कमी पडत नाहीत, पण त्या दिवशी पडले.

नेवासा फाटा ओलांडल्यावर मी म्हणाले, "घर बांधताना माझं ऐकलं असतं, तर आज एक खोली जास्तीची असती."

"व्हय," हे म्हणाले. "तुझंच खरं."

लग्न झाल्यापासून हा माणूस माझ्याशी एकदाही असा कबूल झाला नव्हता. अंगठा पाहिला तर तो सुटलेला. टँकर डावीकडे कलत होता, खालून खडी उडायला लागली होती, आणि पुढे गोदावरीचा पूल दिसत होता. मी यांच्या दंडाला कचकन चिमटा घेतला आणि बोंब मारली. ब्रेक लागला. गाडी थरथरत कडेला उभी राहिली. हे म्हणाले, "झोपलो नव्हतो मी." मी किल्ली काढून मुठीत धरली.

पोलिसांची गाडी उलटी मागे आली. हवालदार उतरला. पोरगेलासाच होता, कपाळावरून घाम निथळत होता.

"काय झालं? थांबू नका! तिकडून सारखा फोन येतोय, टाकी तळाला गेली म्हणतात."

"झोपू द्या त्यांना जरा," मी म्हणाले.

"ताई, माणसं मरतील!"

"आन् गाडी पुलावरून खाली गेली मंग? त्यो ऑक्सिजन कुनाला लावनार, माशांला?"

त्याने पुलाकडे बघितलं. मग म्हणाला, "पुलापर्यंत तरी चला. पलीकडे तुमच्या जिल्ह्याची गाडी उभी आहे. तिथं काय झोपायचं ते झोपा."

म्हणजे याच्या हद्दीत काही व्हायला नको! मला असा संताप आला की मी नको ते बोलले. एवढ्यात मागून घोरण्याचा आवाज आला. आमची वादावादी चालू असताना हे स्टिअरिंगवर डोकं ठेवून केव्हाच झोपले होते. हवालदार त्यांच्याकडे बघत राहिला. त्याचा फोन वाजला. तो दोन पावलं लांब गेला, पाठ करून म्हणाला, "हो सर, टायर बघतायत. निघतोच." मग बाटलीभर पाणी माझ्या हातात देऊन तो उन्हात उभा राहिला.

मी किल्ली धरून बसले होते. तिकडे दवाखान्यात कुणाचा तरी श्वास अडकत असेल, हे मला कळत नव्हतं असं नाही. प्रत्येक क्षणाला वाटे, आता उठवावं. आणि अंगठा आठवला की हात मागे यायचा. शेवटी हे आपणहून दचकून उठले, पाणी डोक्यावर ओतलं आणि आम्ही पूल पार केला.

दवाखान्याच्या आवारात शिरलो तेव्हा पेशंटच्या नातेवाइकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्या सोसवेनात. यांनी पाइप जोडला, टाकी भरायला लागली, आणि ऑक्सिजनचं बघणारे एक साहेब लगबगीने आले. "छान! आता लगेच निघा. चाकणला तुमचा नंबर लावून ठेवलाय."

"आता हे झोपतील. मंग निघू," मी म्हणाले.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "बाई, तासांचा नियम आता नाहीये."

"नियम नसंल, पर झोप हाय ना साहेब?"

ते वर विचारतो म्हणून फोन लावायला लागले. भोवती माणसं जमली. त्यांतली एक बाई पुढे आली. पुंडलिकनगरची होती, मिस्टर आत ऑक्सिजनवर होते, आणि तिला भेटू देत नव्हते. ही आता माझ्या अंगावर येणार, अशी माझी खात्री झाली. मी जागेवरच अंग आवळून उभी राहिले.

ती साहेबांना म्हणाली, "झोपू द्या त्यांना. माझं माणूस आत आहे, मीच सांगतेय ना!" मग माझ्याकडे वळली. "तुम्ही पण पडा थोड्या. मी बसते इथं. कोण उठवतं ते बघते."

पाइप निघाल्यावर ती केबिनच्या पायरीवर बसली. मी आत पडले. मला रडू आलं आणि रडता रडताच झोप लागली. झोपेत तिचा आवाज कानावर येत होता. कुणाला तरी ती हळू बोला म्हणून दटावत होती.

जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती. पायरी रिकामी होती. मी वॉचमनला विचारलं, इथल्या ताई कुठे गेल्या? तो म्हणाला, "त्यांला आतून बोलावणं आलं मघाशी."

तोवर भेटू देत नव्हते; आता आपणहून बोलावलं ते कशासाठी, हे आम्हा दोघांनाही कळलं. हे किल्ली हातात घेऊन माझ्याकडे बघत होते.

"थांबायचं का जरा?" त्यांनी विचारलं.

"नको," मी म्हणाले. "चला लवकर."