सरांनी पुरी केलेली साक्ष

माझा धाकटा भाऊ कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा. पोरं त्याला गंमतसर म्हणायची आणि त्याचा त्याला केवढा अभिमान! अंगात ताप असला तरी तास चुकवायचा नाही. सकाळी आरशासमोर उभा राहून अख्खा तास म्हणून बघायचा. मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "पुरे रे, भाजीसुद्धा पास झाली आता." त्यानं लग्न केलं नाही, मी नवरा गेल्यावर इथे आले, तेव्हापासून आम्ही दोघं एका छताखाली भांडतोय. माणूस दुष्ट नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढच्या हकिगतीत तसं दिसणार नाही.

निवृत्तीला थोडे महिने उरले असताना त्याच्या वर्गातल्या एका मुलीनं त्याच्यावर दावा लावला. वर्गात तिच्या धर्माची टिंगल केली म्हणून. पैसे नको होते तिला. ज्या वर्गात बोललात त्याच वर्गात माफी मागा, एवढंच म्हणणं.

प्रकरण ध्वनीच्या धड्याचं. आवाजाला जायला हवा लागते, पोकळीतून तो जात नाही, हे शिकवताना याचा एक ठरलेला विनोद होता. मुलीच्या धर्माचे लोक मोठ्यानं प्रार्थना करतात. तर हा म्हणायचा, "यांनी कितीही घसा फोडला तरी वर काही पोचत नाही. मध्ये पोकळी आहे." वर्षानुवर्षं तोच विनोद, वर्षानुवर्षं तोच हशा. मुलीचं म्हणणं, विनोद इथे संपत नाही. पुढे आणखी एक वाक्य आहे आणि खरा अपमान त्यात आहे. वर्गातलं कुणी तिच्या बाजूनं बोलायला तयार नव्हतं. परीक्षा कुणाला नसतात?

मी तेव्हा भावाच्याच बाजूनं होते. विद्यार्थी असे कोर्टात जायला लागले तर शिक्षकांनी काय तोंड शिवून शिकवायचं? प्राचार्यांकडे जायचं, बोलायचं, मिटवायचं. ती गेली होती म्हणे. प्राचार्य म्हणाले, "अगं, सरांचा स्वभावच तसा. मनावर घेऊ नकोस." पुन्हा गेली, तर तिला बाहेर बाकावर बसवून ठेवलं आणि साहेब दुसऱ्या दारानं घरी गेले. हे मला फार उशिरा कळलं. विचारलंच नव्हतं ना मी.

वकिलानं भावाला बजावलं, "पोकळीपर्यंत विज्ञान आहे, तिथवर आपण सांभाळून नेऊ. त्या पुढच्या वाक्याचं नाव काढायचं नाही. आठवत नाही म्हणा." भाऊ कुरकुरला, पण गप्प बसला. अब्रूनं निवृत्त व्हायचं होतं त्याला. शिवाय वकिलानं एक साक्षीदार शोधला. भावाचा जुना, लाडका विद्यार्थी. आता औषधांचं दुकान चालवतो आणि धर्मानं त्या मुलीचाच. याहून चांगलं काय हवं?

कोर्टाची खोली म्हणजे आपल्या पोस्टासारखी. कुबट, पंखा नुसता कुरकुरणारा. मुलगी वडिलांशेजारी बसली होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. औषधवाला उभा राहिला.

"सर असा विनोद करायचे?" वकिलानं विचारलं.

"हो."

"तुम्ही त्यांच्या वर्गात शिकलात. तेव्हा काय म्हणायचे, सांगा."

त्यानं सांगितलं. घसा फोडला, वर पोचत नाही, मध्ये पोकळी आहे. सपाट आवाजात, खाली बघून. आणि थांबला.

"एवढंच?"

"एवढंच."

वकिलाचा चेहरा खुलला. संपलं होतं सगळं, जिंकलो होतो आम्ही. आणि माझा भाऊ उठून उभा राहिला.

"अरे, अर्धवट काय सांगतोस? शेवट राहिला की!" वर्गात उत्तर अर्धं सोडणाऱ्या पोरावर ओरडावं, तसा. मी त्याचा सदरा ओढला. वकील "सर, सर" करतोय. पण उत्तर पुरं झाल्याशिवाय हा माणूस कधी खाली बसलाय का! "'आणि पोचलं असतं, तरी यांच्या कपड्यांच्या वासानं वरचा केव्हाच उठून गेला असता.' असं आहे ते."

हशा येईल म्हणून तो क्षणभर हसऱ्या तोंडानं उभा राहिला, हो, देवाशप्पथ. कुणी हसलं नाही. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "सावकाश सांगा, लिहून घेतायत." आणि त्याला ते वाक्य एकेक शब्द करत पुन्हा म्हणावं लागलं. टाइप करणाऱ्या बाईनं विचारलं, "कपड्यांच्या काय?" तो म्हणाला, "वासानं." कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला होता. मी पदर तोंडावर धरून जमिनीकडे बघत राहिले.

बाहेर जिन्यावर औषधवाला भेटला.

"गाढवा, विसरलास कसा?" भाऊ म्हणाला. आवाजात जोर नव्हता.

"विसरलो नाही, सर. पाठ आहे मला." तो माझ्याकडे बघून बोलत होता, भावाकडे नाही. "पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही हसलो, सगळे हसले म्हणून. घरी जाऊन शर्ट हुंगला. आईनं सकाळीच धुतलेला होता. तरी पुन्हा धुवायला टाकला. आई विचारत राहिली, का रे, काय झालं? तिला काय सांगणार होतो? आज त्या मुलीसमोर तोंडातून निघालं नाही, एवढंच. मला वाटलं, तुमचंही काम होईल."

भाऊ कठडा धरून उभा राहिला. मग वकिलाला म्हणाला, "मिटवा. ती म्हणते तसं."

माफीच्या दिवशी म्हणाला, "ताई, तू चल." मी वर्गाच्या दाराशी थांबले. आरशासमोर काही म्हणून बघितलं नव्हतं त्यानं. फळ्यापाशी उभा राहिला. "मी या वर्गात एक..." म्हणाला आणि शब्दच सापडेना. मागच्या बाकांवर खुसखुस सुरू झाली, मग मोठ्यानं हशा. सर थांबले की हसायचं, ही त्यांना सवयच लागलेली.

मुलगी मागे वळली. "ए, गप्प बसा ना. सर बोलतायत."

मग तो बोलला. काय बोलला ते मला नीट ऐकू आलं नाही, इतका बारीक आवाज. शिक्षकाच्या प्रत्येक शब्दासाठी कोर्ट नको, असं मला आजही वाटतं. पण त्या पोरीनं आणखी कुणाचं दार ठोठावायचं होतं, ते आम्ही शहाण्यांनी तिला सांगायला हवं होतं.