आठवी मात्रा

रेबेकाबाई साळवे वादकांना त्यांचा भाग तोंडाने गाऊन शिकवायच्या. क्लॅरिनेटचा असला तर नाकातून, ट्रम्पेटचा असला तर गाल फुगवून, आणि ढोलकीचा असला तर थेट ढोलकीवाल्याच्या पाठीवर वाजवून. कागदावर त्यांनी कधी एक सूर लिहून दिला नाही. "लिहून देल्लं का माणूस कागदाकडं पायते, मंग आयकत नाही," असं म्हणायच्या.

मी मूळचा भातकुलीचा. दोन भोंगे आणि एक सायकल एवढ्यावर धंदा सुरू करून अकोल्यात स्वतःचा ऑर्केस्ट्रा उभा केला. बाई अमरावतीच्या मिशन शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या. आमचा अकॉर्डियनवाला ऐन गणपतीत पळाला, तेव्हा माझे क्लॅरिनेटवाले रफीकचाचा त्यांना घेऊन आले. पांढरी सुती साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट. मी घासाघीस करायला बाह्या सरसावून बसलो होतो. बाईंनी मी म्हटलेला आकडा तिथल्या तिथे मान्य केला. मला ते अजून खटकतं. भाव न करणाऱ्या माणसाला दुसरंच काहीतरी हवं असतं.

बाईंनाही हवं होतं. मिशनच्या दवाखान्यातली एक विलायती नर्स मायदेशी जाताना कॅसेटचा डबा त्यांना देऊन गेली होती. त्यातल्या एका कॅसेटवर लांब केसांच्या पोरांच्या बँडचं एकच गाणं होतं, अख्खी बाजू भरून. अशा संगीताला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात, हे मला बाईंनीच सांगितलं. ते गाणं त्यांनी आमच्या वाद्यांसाठी नव्याने बसवलं. इलेक्ट्रिक गिटारचं रडणं रफीकचाचांच्या क्लॅरिनेटला दिलं, ऑर्गन आपल्या अकॉर्डियनवर घेतला, मधलं वाद्यांचं भांडण ट्रम्पेटवाल्यांकडे सोपवलं. ठेका सात मात्रांचा. ढोलकीवाला वसंता पहिल्याच दिवशी म्हणाला, "बाई, हे लंगडते नं!"

"लंगडत नाही बाबू. चालता चालता मांगं वळून पायते थे."

तालमीत गाण्याच्या सुरुवातीला एक साधी धून यायची आणि मग हरवायची. सगळी वाद्यं एकमेकांच्या अंगावर जायची. मी घड्याळ बघायला लागलो की बाई अकॉर्डियन न थांबवता म्हणायच्या, "थांबा भाऊ, येऊन राह्यली थे." आणि अगदी शेवटी तीच धून सगळ्या व्हायोलिनांवर परत यायची. माझ्या अंगावर काटा यायचा. हे मी त्यांना कधी कळू दिलं नाही. माल आवडल्याचं विकणाऱ्याला दाखवायचं नसतं, ही माझी जुनी सवय.

त्यांचं मागणं एकच होतं. हे अख्खं, एकदा, लोकांसमोर वाजू द्या. मी दर वर्षी "पुढच्या गणपतीत" म्हणायचो. फार मागे लागल्या तेव्हा पाच मिनिटं देऊ केली. त्या हसल्या. "पाच मिनिटात तं थे घरातून चप्पल घालूनबी निंगत नाही, भाऊ."

मग कापसाने मान टाकली. मंडळांची वर्गणी जमेना, गावोगावचे कार्यक्रम रद्द व्हायला लागले. काही गावांच्या वेशीवरूनच आम्ही टेम्पो मागे फिरवला. गावात कोणी गेलेलं असायचं, आणि कसं गेलं ते विचारायचं नसायचं. लग्नं तेवढी राहिली होती. अकोल्यातल्या एका लग्नात नवरी स्टेजवर येताना मी बाईंची पहिली धून वाजवायला लावली. लोक खुर्च्यांवरून उठून पाहायला लागले. पण नवरीचा पाय अडखळत होता, सातावर चालता येत नव्हतं. मी वसंताला म्हटलं, "एक मात्रा वाढव." त्याने वाढवली. पुढचं सगळं कापलं आणि वरमाला पडली की धून थांबवायची, असं ठरवून टाकलं. तीन-चार हंगाम आम्ही त्या धुनेवर जगलो. लग्नाच्या कामाला बाई येत नसत, म्हणून त्यांना पत्ता नव्हता.

त्यांनी ती ऐकली अमरावतीत, त्यांच्याच एका विद्यार्थिनीच्या लग्नात. हातात जेवणाची ताटली घेऊन स्टेजजवळ आल्या.

"भाऊ, आठवी मात्रा कोनाची?"

"माझी."

"मंग तुमचीच वाजवा."

एवढंच म्हणाल्या. भांडल्या असत्या तर मी तडजोड केली असती. माझं डोकं फिरलं. सगळ्या पाहुण्यांसमोर ओरडलो, "दहा घरच्या चुली पेटून राह्यल्या याच्यावर! तुमच्या सात मात्रा काय चाटाच्या हायेत?" बाईंनी ताटली तशीच खाली ठेवली आणि त्या न जेवता गेल्या. पुन्हा आल्या नाहीत. अमरावतीत मात्र चार लोकांना म्हणाल्या म्हणे, "भाऊनं उंबरठा ठेवला अन् घर पाडलं." त्या दहा चुलींबद्दल एक शब्द नाही. तो राग माझ्या मनात आजही आहे, आणि तो खोटा नाही.

रफीकचाचा कितीदा म्हणाले, "शेट, एक बार जाके बुला लाओ." मी म्हणायचो, त्यांना गरज असेल तर त्या येतील.

मग चाचांचा फोन आला, बाई गेल्या. आम्ही वाद्यं घेऊन अमरावतीला निघालो. चाचा टेम्पोत बसतानाच म्हणाले, आज पूरा बजाएंगे. कोणी मान हलवली, कोणी हलवली नाही.

चर्चच्या फाटकाबाहेर वाजवून पाहिलं. पहिली धून आली, आणि तिच्यापुढे काहीच येईना. ट्रम्पेटवाल्याला भांडणाचा एक तुकडा आठवत होता, व्हायोलिनवाल्याला शेवटचे चार सूर. मधलं कोणाकडेच नव्हतं. वसंता ढोलकीवर हात ठेवून उभा राहिला. "पाठीवर वाजवे बाई, तवा येत होतं," म्हणाला.

शवपेटी उचलली. मी वसंताला सात बोटं दाखवली. त्याने मान डोलावली, पण दोन आवर्तनांत हात सवयीने आठवर जाऊन बसला. पेटी खांद्यावर घेतलेल्यांची पावलं ठेक्यात पडू लागली.

लग्नात वरमाला पडते तिथे आम्ही थांबलो. चाचांनी क्लॅरिनेट ओठांवरून काढली नाही, फक्त माझ्याकडे पाहिलं. पुढचं काय ते मालकाने सांगायचं असतं. मी म्हटलं, "पहिल्यापासून घ्या."

दफनभूमीपर्यंत आम्ही तेवढंच वाजवत गेलो, आणि एकाचंही पाऊल चुकलं नाही.