खर्जाबाईची आखूड गिटार

वाजवत नसली तरी खर्जाबाईचा डावा तळवा गिटारच्या मानेखाली असायचा. तान्ह्या पोराची मान धरावी तसा. हात काढला की गिटारचं डोकं जमिनीकडे झुकायचं. "अंग आखूड अन् डोकं जड. माझ्यावरच गेलीय," ती म्हणायची. नाव तिचं चांगलं वेगळं होतं, पण आमच्या बायकांच्या वाद्यवृंदात ती बेस गिटार वाजवायची, सगळ्यात खालचा सूर सांभाळायची, म्हणून मी तिला खर्जाबाई म्हणायला लागले. पुढे तर तिची सासूसुद्धा फोनवर "खर्जाबाई घरात नाय" असं सांगायला लागली.

बाई नाशिकजवळच्या, मखमलाबादकडच्या गुलाबाच्या मळ्यातली. हात एवढेसे, की बांगडीवाला तिला शाळेतल्या मुलींच्या मापाचा जुडगा काढून द्यायचा. नवरा लग्नाच्या ऑर्केस्ट्रात मोठी बेस गिटार वाजवायचा. तो गेल्यावर एकदा तिने ती भिंतीवरून खाली घेतली. पहिल्या पट्टीवर बोट ठेवलं, तर करंगळी तिसऱ्या पट्टीपर्यंत पोचेना. जाऊबाई म्हणाली, "सवयीनं येईल. त्यांचीच वाजव, तेवढीच त्यांची आठवण." खर्जाबाईने गिटार पुसली आणि परत खिळ्याला लावली. "आठवण ऱ्हाऊ दे भिंतीवर. मला वाजवायचं हाय." मग तिने दुसरी घेतली, कुणाची तरी वापरलेली. दुकानदार तिला शॉर्ट स्केल म्हणतात. तारांची लांबी मोठीपेक्षा चारेक बोटं कमी, बस. पण त्या चार बोटांत तिचं सगळं जग मावलं.

आता बघा, मी काही शिकलेली गायिका नाही. देवळात गाता गाता स्टेजवर आलेली बाई. पण एवढं कळतं, की त्या आखूड गिटारचा आवाज गोल होता, माठात वाकून हूं म्हणावं तसा. छोट्या हॉलमध्ये तो माझ्या गळ्याखाली चटई अंथरायचा. खांद्याला ओझं नाही, हात ताणायला नको. गुलाब खुडून तिच्या बोटांची टोकं आधीच घट्ट झालेली, तारांनी ती कधी सोलली नाहीत.

उघड्या मैदानावर मात्र हाल. आखूड गिटारची जाड तार ढिली असते. जोरात छेडली की सूर हलतो, आणि मोठ्या स्पीकरमधून नुसतं धप्प धप्प. नवरात्रात एक साउंडवाला ओरडला, "काकू, सूर कुठला ते कळंना! हे खेळणं कशाला आणलं?" खर्जाबाई म्हणाली, "बाळा, जाड तारंला दामटायचं नसतं, रुसती ती. तू तुझी बटणं जरा हळू फिरव, मी माझी बोटं हळू ठेवते." त्याने फिरवली. फरक थोडाच पडला, हेही खरं.

तारा मिळायची तर बोंबच. नाशकात मोठ्या गिटारच्याच मिळायच्या, त्या कापून लावायच्या. पहिल्यांदा तिने आधी तार मापात कापली आणि मग वाकवून खुंटीत घातली. तारेवरचं वेढ्याचं काम आतून सैल झालं, तार मुकी झाली. संध्याकाळी कार्यक्रम! तीन तारांवर निभावलं बाईने. नंतर म्हणाली, "झंपर बेतताना आधी मापायचं, तार लावताना आधी वाकवायची अन् मग कापायची. आमच्या ह्यांना ठाऊक असणार हे. इचारायचंच राहिलं बघा, ताई."

मग बोटं आखडायला लागली. डॉक्टर म्हणाले, संधिवात. कार्यक्रमाला येताना ती थर्मासमध्ये गरम पाणी आणायची, विंगेत बसून वाटीत बोटं बुडवायची. आखूड गिटार होती म्हणून दोन-तीन वर्षं जास्त मिळाली तिला, नाहीतर केव्हाच थांबली असती. ती एकेक सूर गाळत गेली. जिथे चार वाजवायची तिथे दोन, मग फक्त समेवर एक. राहिलेला तो एक मात्र कधी चुकला नाही. शेवटी डाव्या हाताने तार दाबणंच जमेना. आमची सुनंदा कीबोर्ड वाजवते, ती हळूच म्हणाली, "ताई, खालचे सूर मी डाव्या हाताने वाजवते की. त्यांना किती त्रास द्यायचा?" खर्जाबाईने ते ऐकलं. नुसती गिटारची मान धरून बसली.

मी काळी पाचमध्ये गाते. घरी येऊन पेटी काढली आणि शोधलं. पांढरी सहामध्ये गायलं, तर षड्ज, मध्यम, पंचम तिन्ही तिच्या मोकळ्या तारांवर येतात. डाव्या हाताचं कामच नाही, नुसतं छेडायचं. पुढच्या तालमीला सांगितलं, "माझा गळा उतरलाय गं, अर्धा सूर खाली घेऊ या."

खर्जाबाईने माझ्याकडे टक लावून पाहिलं. "ताई, सूर गाणाऱ्याचा असतो. वाजवणाऱ्यानं त्याच्या मागनं जायचं असतं."

"मग ये ना मागून," मी म्हटलं.

वर्षभर तशी गायले. खालच्या ओळींपर्यंत माझा गळा पोचायचा नाही, नुसती हवा यायची. लोक म्हणायचे, बाईंचा आवाज बसला. बसू दे. मोकळी तार वाजवताना तिचा चेहरा मी बघत होते.

एका कार्यक्रमानंतर तिने गिटार पिशवीत घातली, चेन लावली आणि माझा हात हातात घेतला. बोटं वाकडी, गरम पाण्याने लाल झालेली. "लय दिवस मला तुमच्या गळ्यात बसवलं. आता उतरते. पुढच्या बारीला काळी पाचमधी गा."

"अगं, माझा गळाच..."

"गप ऱ्हावा. मला काय ऐकू येत नाय व्हय?"

ती परत आली नाही. बोटांचं दुखणं अंगभर पसरलं, नंतर छातीत पाणी झालं, आणि पावसाळा सरायच्या आत ती गेली. तिच्या मळ्यातल्या गुलाबांनीच झाकली होती तिला, हात तेवढे दिसत होते.

महिन्याने कार्यक्रम होता. सुनंदाने विचारलं, "ताई, काळी पाच ना?" मी मान हलवली. खालची ओळ आली, आणि किती दिवसांनी गळ्यात नीट बसली, भरून, स्पष्ट. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "वा, बाईंचा आवाज परत आला!"

मला तो नको होता हो.