बॉयलरमागचा नट

वोनवागनमध्ये, म्हणजे गाडीमागे ओढायच्या घरात, प्रत्येक बाकाखाली एक खण असतो. त्यात काय काय साठत जातं ते एखाद्या दिवशी सगळं बाहेर काढलं की कळतं. आमच्या ग्रुपच्या किश्श्यांचंही तसंच आहे. आम्ही बॉन-कोलोनकडची तीन मराठी घरं. काही वर्षांपूर्वी तिघांत मिळून एक जुना वोनवागन घेतला. तीन घरांत तीन मेकॅनिकल इंजिनिअर: माझा नवरा मिलिंद, ब्रेकच्या कंपनीतला सुधीर आणि प्रोजेक्ट मॅनेजर प्रसाद. त्यामुळे त्यात काही बिघडलं तर दुरुस्त करायला माणूस नव्हता.

*

वोनवागन घेतला तो खरं म्हणजे माझ्या सासूबाईंसाठी. त्या दर उन्हाळ्यात कराडहून यायच्या आणि तीन महिने बाल्कनीतून समोरचं पार्किंग बघायच्या. सकाळी उठलं की आधी कढत पाण्याची आंघोळ, मगच चहा. आणि ती आंघोळ परक्या न्हाणीत होत नाही. त्यामुळे हॉटेल बाद, कॅम्पिंगवरचे सार्वजनिक शॉवरही बाद.

"इकडचा थंड समुद्र एकदा बघायचाय रे," त्या मिलिंदला म्हणाल्या होत्या. तो दोन वर्षं "नेतो, नेतो" म्हणत होता.

वोनवागनमध्ये घरची अशी छोटी न्हाणी होती आणि पलंगाखाली गॅसचा बॉयलर. थोडक्यात, समुद्र त्या बॉयलरवर अवलंबून होता.

*

सासूबाईंच्या वडिलांचं बांगड्यांचं दुकान. लग्न होईपर्यंत त्या दुकानात बसून बायकांना बांगड्या भरायच्या. त्यामुळे माणूस भेटला की त्या आधी हात बघतात, चेहरा नंतर.

पहिल्यांदा आल्या तेव्हा विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या बाईंनी त्यांना बराच वेळ थांबवून ठेवलं. मिलिंद बाहेर घामाघूम. सासूबाई मात्र शांतपणे बाहेर आल्या.

"काय विचारलं गं त्यांनी?" मिलिंदने विचारलं.

"मला कुठे कळतंय? पण बाई चांगली आहे. सव्वादोनचा हात, फक्त सांधे कडक."

*

बॉयलरला एक व्हॉल्व्ह असतो. थंडी वाढली की तो आपोआप उघडतो आणि टाकीतलं पाणी जमिनीवर सोडून देतो, म्हणजे आत बर्फ होऊन काही फुटत नाही. हे माहितीपत्रकात लिहिलेलं होतं. माहितीपत्रक बाकाखालच्या खणात होतं.

पहिल्याच हिवाळ्यात सुधीर वोनवागन बघायला गेला, तर खालून पाणी चाललेलं. सुधीर लातूरचा. त्याने व्हॉल्व्हचा खटका दाबून तो बंद केला आणि परत उघडू नये म्हणून वर कपड्याचा चिमटा लावला. वसंतात बघितलं तर बॉयलरमागचा पाइपचा सांधा फुटलेला.

शेजारच्या वोनवागनचे हेर क्लाइन, म्हणजे क्लाइनसाहेब, ते बघायला आले. चिमट्याकडे बघून त्यांनी विचारलं, "हे कोणी केलं?"

"मी," सुधीर म्हणाला. "पाणी वाया जात होतं."

"गेनाऊ," हेर क्लाइन म्हणाले, म्हणजे अगदी बरोबर. "आता रोज जाईल."

*

नवा सांधा मिळाला. पण बसवायचा बॉयलर आणि चाकाची कमान यांच्या मधल्या फटीत. तिथे पोचायला लाकडी फळीतलं एक भोक, फळी कापावी तर मागून गॅसची नळी. सांधा कसाबसा लांब पकडीने जागेवर सरकवला. राहिला त्याचा नट. तो प्लास्टिकचा, आणि पाना फिरायला जागा नाही, म्हणून हातानेच आवळायचा.

प्रसादने मीटिंग लावली. एक्सेलमध्ये रिस्कची यादी केली, लाल-पिवळे रंग भरले. मिलिंदने ऑफिसच्या सवयीने सगळ्याचं थ्री-डी मॉडेल केलं. ताकद सुधीरच्या हातात, म्हणून त्याचा हात मोजून तोही मॉडेलमध्ये घातला. दोन रविवार गेले. निष्कर्ष निघाला: सुधीरचा हात आत जात नाही.

"हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," सुधीर म्हणाला.

"तेव्हा ते फक्त मत होतं," प्रसाद म्हणाला.

*

मग सुधीरच्या आठ वर्षांच्या सईला बोलावलं. तिचा हात खांद्यापर्यंत आत गेला. नटही सापडला.

"आवळ, सई."

"गेट निष्ट," सई म्हणाली. जमत नाही. मग मी प्रयत्न केला. बोटं पोचली, पण नट फिरेना. जिथे हात जात होता तिथे जोर नव्हता, आणि जोर होता तो हात बाहेर.

*

वर्कशॉपला फोन केला. टर्मिन, म्हणजे ठरवून दिलेली वेळ, मिळाली सप्टेंबरअखेरची. सासूबाईंचं परतीचं तिकीट ऑगस्टचं.

"आई, यंदाही जमेलसं दिसत नाही," मिलिंद म्हणाला.

"असू दे रे. पार्किंगही बरं आहे. आता गाड्या ओळखीच्या झाल्यात."

त्या हसून म्हणाल्या, पण मला फार वाईट वाटलं. मिलिंद त्या दिवशी नीट जेवला नाही.

*

शनिवारी तिघं शेवटचा प्रयत्न करायला निघाले. सासूबाई आणि मीही डबा घेऊन सोबत गेलो. बराच वेळ त्या बाकावर बसून सुधीरला पालथं पडून झटताना बघत होत्या.

"सुधीर, हात दाखव बघू."

"काकू, सगळा काळा झालाय."

"दाखव."

त्यांनी अंगठ्याचं मूळ दाबलं, पंजा वळवून बघितला. "अडीचच्या वरचा आहे. पण हाड मऊ आहे. सूनबाई, भांड्यांचा साबण आण."

त्या खाली फतकल मारून बसल्या. सुधीरच्या हाताला साबण चोळला, अंगठा तळव्यात मुडपला आणि दोन्ही बाजूंनी पंजा दाबत भोकाशी नेला.

"आई कशी आहे तुझी?"

"बरी आहे, काकू. गुडघे जरा..."

"आई गं!" सुधीर ओरडला. हात मनगटाच्या पुढे आत गेला होता.

प्रसादने लॅपटॉपवरच्या मॉडेलकडे बघितलं. मग मिलिंदकडे.

"मॉडेलमध्ये हाड सरकत नाही," मिलिंद म्हणाला.

सुधीरने नट आवळला. हात बाहेर आला तेव्हा लालभडक झाला होता. पाणी सोडलं, सांध्याखाली कागद ठेवला. पंधरा मिनिटांनी कागद कोरडा होता. बॉयलर पेटला आणि न्हाणीतल्या नळाला कढत पाणी आलं. मिलिंदने त्याखाली हात धरला आणि काढलाच नाही.

"आई, उद्या सकाळी निघू समुद्रावर," तो म्हणाला.

सुधीर वाकून सासूबाईंच्या पाया पडला आणि उठायला लागला. त्यांनी त्याला खांद्याला धरून खाली बसवलं.

"डावा आण."

"काकू, झालं की काम."

"एकच हात भरून मी कुणाला उठवलेलं नाही."

सुधीरने एकदा आमच्या सगळ्यांकडे बघितलं आणि साबणाची बाटली उचलली.