बहिणीच्या वाटची मरळ

मास्निआच्या तोंडी लागायला बंजरमासिनच्या बाजारात सहसा कुणी जायचं नाही. नदीकाठच्या फळ्यांवर तिचा मासळीचा गाळा. पुढ्यात टोपभर जिवंत मरळी, आम्ही ज्यांना हारुआन म्हणतो त्या, आणि हातात लाकडी दांडकं. दर ती एकदाच सांगायची. नवरा कोळशाच्या बार्जवर कामाला गेला तो तिकडंच दुसरा संसार थाटून बसला, तेव्हापासून ही अशी झाली, असं लोक म्हणत. ती म्हणायची, मी आधीपासूनच अशी आहे, तो नंतर गेला.

धाकटी बहीण रौदाह अगदी उलट. आई गेल्यावर मास्निआनंच तिला वाढवली, लग्न लावून दिलं. त्या पोरीचा चढा आवाज कुणी ऐकला नव्हता.

रौदाहचं बाळंतपण सिझेरियननं झालं. आमच्याकडं पोटाला टाके पडले की जखम भरायला औषधाआधी मरळ आठवते. मास्निआ रोज पहाटे टोपातली सगळ्यात तगडी मरळ निवडायची आणि नाववाल्याच्या हाती बहिणीच्या सासरी धाडायची. धंदा बंद ठेवून स्वतः जाणं काही होईना. एकदा नाववाला आला नाही म्हणून मासा घेऊन तीच गेली.

दारातच तिला वास आला. मासळीच्या वासात जन्म गेलेली बाई, पण हा वास वेगळा होता. रौदाह चटईवर पडून होती, चेहरा पांढराफटक, पोटावरचं फडकं ओलं. शेजारी ताटली. तिच्यात भात, मीठ आणि दुधीचं पाण्यासारखं सार.

"मासा कुठाय?" मास्निआनं विचारलं.

सासूनं शांतपणे सांगितलं की ओल्या बाळंतिणीला मासा चालत नाही, जखम पाणावते, दुधाला वास येतो. अंडंही नाही. त्यांच्या घरात असंच चालत आलंय. मास्निआ उठली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. कढईत लाल मिरचीच्या रश्शात कालची मरळ होती, मधला जाड तुकडा गेलेला. रौदाहचा नवरा युसरान जेवून हात पुसत होता.

तो म्हणाला, "ताई, तिची काळजी नको. हे देतोय ना मी तिला." त्यानं कपाटावरची बाटली दाखवली. मरळीच्या अर्काच्या कॅप्सूल. त्या विकायची एजन्सीच घेतली होती त्यानं. "माशाचं सगळं सत्त्व यात उतरलंय. काटे काढत बसायची कटकट नाही."

"तिच्यासाठी पाठवलेला मासा तू खाल्लास आणि तिला भुकटी चारलीस?"

"मग काय फेकून द्यायचा होता?"

मास्निआ पुढं म्हणायची, त्या वेळी हातात दांडकं नव्हतं हे युसरानचं नशीब. तिनं ती बाटली कमरेला खोचली, बाळ उचललं, बहिणीला काखेत हात घालून उठवलं आणि नावेत घातलं. सासू काठापर्यंत बोलत आली. मास्निआनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

आरोग्य केंद्रातल्या नर्सनं जखम धुतली, आतला पू काढला आणि डॉक्टरांना बोलावून औषध सुरू केलं. खायला काय देता, असं विचारल्यावर मास्निआनं ती बाटली तिच्यापुढं आदळली. नर्सनं उलटसुलट वाचून सांगितलं की यात विष काही नाही, डॉक्टरही कधी कधी असलं काही देतात, पण ते भरल्या ताटावर. ताट रिकामं ठेवून नव्हे. शरीराला मांस भरायचंय, ते भात-मिठातून कुठून आणेल? उद्यापासून दोन्ही वेळा नुसती मरळच घालते, असं मास्निआ म्हणाली, तर नर्सनं तेही खोडलं. अंडी हवीत, सोयाबीन आंबवून केलेलं टेंपे हवं, पाला हवा, पपई हवी, आणि या गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत, पू माशानं जात नसतो. मास्निआला तिचाही राग आला. वाटभर पुटपुटत होती. पण घाटावर उतरल्यावर सगळ्यात आधी अंडी घेतली.

बहिणीला तिनं स्वतःच्या घरी ठेवलं. रौदाह पहिल्यांदा अंडं खाताना रडली, घाबरूनच. मास्निआ समोर बसून म्हणाली, "गीळ. शिव्या मी खाईन." जखम हळूहळू सुकली, कडा जुळल्या. मग युसरान न्यायला आला आणि रौदाह गेली. मास्निआनं अडवलं नाही, पण दारापर्यंत सोडायलाही गेली नाही.

पुढं बाजारातल्या एका बाईनं सांगितलं की युसराननं घरी बायका जमवल्यात, कॅप्सूल विकतोय आणि भिंतीवर तुझ्या बहिणीचं पोट लावलंय. मास्निआ तशीच ओल्या हातांनी गेली. भिंतीवर खरंच दोन फोटो होते. एकात जखम चिघळलेली, दुसऱ्यात भरलेली.

"हा पहिला कधी काढलास?" तिनं विचारलं. युसरान पुढ्यातल्या बाटल्या सरळ करत राहिला. "म्हणजे बायकोच्या पोटात पू झालेला तुला दिसत होता. तू मोबाईल काढलास. डॉक्टर नाही आणलास."

मग तिनं जमलेल्या बायकांना सगळं सांगितलं, भात-मीठ, कढई, आरोग्य केंद्र, काही गाळलं नाही. युसरान चिडून म्हणाला, "ताई, तुम्हीही मासेच विकता. तुम्हाला तुमचा धंदा दिसतोय."

"विकते ना. म्हणून तर कळतं कोण काय खपवतोय."

तेवढ्यात रौदाह आतून आली. मूल कडेवर, दुसऱ्या हातानं तिनं दोन्ही फोटो ओढून काढले. "पोट माझं आहे," ती म्हणाली. "मला कुणी विचारलं नव्हतं." एवढंच. पण सासूसकट सगळ्यांनी ऐकलं.

बायका उठल्या. एकीच्या आईचा पाय मधुमेहानं सडत चालला होता. ती घाटापर्यंत मास्निआच्या मागं आली, आता काय करू म्हणून. आधी दवाखाना, असं मास्निआनं तिच्यावर खेकसूनच सांगितलं आणि मग आईलाही वाटेत घेऊन दोघींना नावेतून आरोग्य केंद्रात नेलं.

युसरान अजून कॅप्सूल विकतो, फोटोशिवाय. रौदाह आता आधी आपलं ताट वाढून घेते. मास्निआनं त्या घरात पुन्हा पाऊल टाकलेलं नाही. रौदाहच पोराला घेऊन येते, दिवसभर राहते. संध्याकाळी युसरान न्यायला येतो आणि खाली नावेतच बसून राहतो. मास्निआ त्याला चहाही विचारत नाही.