दुसरा स्फोट

कुलूपवाला एरवी कमी बोलणारा माणूस, पण त्याच्या पुस्तकांतल्या गुप्तहेराचा विषय निघाला की गिऱ्हाईक ताटकळलंच म्हणून समजा. बावीस वर्षं तो एकच मालिका वाचत आला होता. तीस भाग संपले होते, एकतिसावा चालू होता. देशोदेशीचे अतिरेकी, त्यांच्या मागावरचा एकटा गुप्तहेर. किल्ली घासता घासता तो लेखकाच्या चुकाही काढायचा. "असलं कुलूप केसाच्या पिनेनं उघडत असतं तर मी उपाशी मेलो असतो!"

बायको म्हणायची, "जगाची काळजी तुम्हालाच. घरातला नळ गळतोय, तो बघा आधी."

एका दुपारी शेजारचा औषधवाला धावत आला. "अहो, रेडिओ लावा. तुमची लेक असते ना त्या शहरात स्फोट झालाय. स्टेशनात."

लेक तिथे नर्स होती. इस्पितळ स्टेशनाला लागूनच. त्याने फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. बायको येऊन स्टुलावर बसली.

"तुम्ही एवढं वाचलंय," औषधवाला म्हणाला, "आता पुढे काय होतं हो?"

कुलूपवाल्याला त्याची मालिका आठवली. पहिला स्फोट गर्दीसाठी. दुसरा, मदतीला धावून येणाऱ्यांसाठी. पुस्तकांत हे निदान सहा वेळा झालं होतं. आणि लेक धावणारच, लहानपणापासून तशीच ती. बायको त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"काही नाही," तो म्हणाला. "पोलीस रस्ते बंद करतात." आणि पुन्हा नंबर फिरवला.

पाऊण तासाने रेडिओने दुसऱ्या स्फोटाची बातमी दिली.

"तुम्हाला माहीत होतं," बायको म्हणाली. त्याला मान वर करवेना.

संध्याकाळी फोन वाजला. "बाबा, मी बरी आहे."

"कुठं लागलंय? कुठं आहेस तू?"

"बाबा, तुम्ही बोलत असाल तर मला ऐकू येत नाहीये. कानात नुसती शिट्टी वाजतेय. आईला सांगा, बरी आहे मी." ती तेच तेच सांगत राहिली, तो ओरडून विचारत राहिला. शेवटी तिनेच फोन ठेवला.

महिन्याभरात डावा कान बराचसा सुधारला. उजवा गेला तो गेलाच. पुढे एकदा त्याने न राहवून विचारलं, "दुसरा स्फोट होईल असं वाटलं नाही का गं तुला?"

"वाटलं की, बाबा. पण माणसं समोर पडली होती."

"जेवलीस का?" त्याने विचारलं, आणि तिला ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा विचारलं.