जीप भरायच्या आत उघडणारा नकाशा

आमच्या ऑफिसात फायली साचतात, पण त्यांना निदान वाळवी तरी लागते. किस्स्यांना काहीच लागत नाही! एक सांगायला घ्यावा तर मागून चार धावत येतात. त्यात हिंगोली जिल्ह्याचा नकाशा मोबाइलवर आणायचं ठरलं, तेव्हापासून तर विचारूच नका.

म्हणजे एक वेब पोर्टल करायचं होतं. गावावर बोट ठेवलं की रस्ता, शाळा, दवाखाना सगळं दिसावं. ॲम्ब्युलन्सवाल्यांनाही तेच उघडून देणार होतो. आता ते कुठल्या सॉफ्टवेअरवर करायचं, यावर आम्ही चार महिने भांडलो! आम्ही म्हणजे नकाशाच्या खोलीतली मी, समोरच्या टेबलावरचे कुलकर्णी काका आणि जीपचे ड्रायव्हर राठोड काका.

* * *

मी म्हटलं, "काका, एक सॉफ्टवेअर फुकट मिळतं. जगभर वापरतात. घेऊन टाकू."

कुलकर्णी काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "फुकट असलं तरी तीन कोटेशन लागतात."

"अहो, फुकटाचं कसलं कोटेशन!"

"नियम आहे. तीन घे. त्यातलं स्वस्त निवडू."

मी वैतागून तीन कागदांवर लिहिलं: फुकट, साफ फुकट, एकदम फुकट. काकांनी तिन्ही कागद पंच करून फायलीला लावले. वर शेरा मारला, 'तिसरे ग्राह्य'!

* * *

तरी साहेब म्हणाले, विकतचंही बघू. मग एक टायवाला आला. त्यानं पडद्यावर परदेशातल्या उंच उंच इमारती गरागरा फिरवल्या. साहेब खूश. आमच्या प्रोजेक्टरची वायर ढिली, त्यामुळे राठोड काका ती दाबून धरून उभे होते. तिथूनच म्हणाले, "लई भारी. आता आमचा तांडा दाखवा."

टायवाल्यानं शोधलं. सेनगाव सापडलं, साखरा सापडलं. त्याच्या पुढं नुसतं पांढरं.

"सर, तिथे काहीच नाहीये."

"न्हाई कसं? मंग मी काय रोज आभाळातून येऊन राहिलो का?" म्हणत काकांनी वायरच सोडली!

* * *

राठोड काकांचं दुखणं जुनं होतं. साखऱ्याच्या पुढं एक फाटा आहे. उजवीकडं एक तांडा, डावीकडं काकांचा. त्यांच्या लेकीला बघायला पाहुणे यायचे होते, तर मोबाइलनं त्यांना उजवीकडं धाडलं. तिकडंही एका घरी त्याच दिवशी पाहुणे येणार होते! यांनी तिथं पोहे खाल्ले, चहा प्याले, पोरगी बघितली आणि पसंतही करून टाकली. काका इकडं नवं धोतर नेसून दुपारपर्यंत रस्त्याकडं बघत बसलेले.

"पोहे त्यायचे गेले, जावई माझा गेला!" असं सांगून काका स्वतःच हसायचे. लेकीला पुढं चांगलं घर मिळालं. आता ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, आठवा महिना लागलेला.

एकदा जीपमध्ये काका हसता हसता थांबले. "पाहुणे चुकले तर दुसरे येतेत, मॅडम. ॲम्ब्युलन्स चुकली तर काय करू?"

त्या दिवशी मी ठरवलं, काकांचा तांडा दाखवत नाही ते सॉफ्टवेअर आपल्या कामाचं नाही.

* * *

दुसऱ्या कंपनीचं पोर्टल हिंगोलीत झकास चाललं. राठोड काका म्हणाले, "इथं एसीत काहून बघता? सेनगावला चला."

सेनगावच्या स्टँडवर मी मोबाइलवर ते उघडलं. गोल फिरायला लागलं. समोर जीपवाला "साखरा, साखरा" ओरडत होता, जीपमध्ये एक म्हातारी एकटीच बसलेली. बघता बघता दहा माणसं, दोन बकऱ्या आणि एक पत्र्याची पेटी चढली. जीप निघाली. मोबाइलवर गोल फिरूनच राहिलं होतं!

आल्यावर कुलकर्णी काकांनी तुलना-तक्त्यात नवा रकाना आखला: 'जीप भरण्यापूर्वी उघडते काय? होय/नाही.' साहेबांनी त्यावर न वाचता सही केली, आणि मग तो नियमच झाला!

* * *

तिसऱ्या कंपनीचं पटकन उघडलं, पण मराठी नावांच्या जागी सगळीकडं चौकोन. कुलकर्णी काका पडद्याजवळ जाऊन निरखून बघत म्हणाले, "जिल्ह्यात एवढे प्लॉट कधी पडले? आणि आपल्याला कुणी सांगितलं नाही!"

* * *

शेवटी ते 'एकदम फुकट'च घेतलं; त्यात आपले फोटो आपणच घालता येत होते. आता शेवटचा किस्सा. लेक आणि नात दोघी सुखरूप आहेत, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही निवांत हसाल.

वरून फोटो काढायला ड्रोनवाला आला. त्याला तांड्यावर नेणार कोण? राठोड काका! कुठल्या दिवशी, किती वाजता, सगळं त्यांना ठाऊक.

मोठ्या साहेबांपुढं पोर्टल उघडलं. जीप भरायच्या आत उघडलं, बरं का! पण माझं नशीब खोटं, आमच्याही नावांचे चौकोन झाले. मला घाम फुटला.

मोठे साहेब म्हणाले, "यातला राठोडांचा तांडा कोणता?"

वायर दाबून धरलेले काका म्हणाले, "मॅडम, फोटो मोठा करा. अजून. अजून थोडा."

फाट्याजवळ काकांचं काळंभोर रान. त्यावर पिवळ्या अक्षरांत हे एवढं मोठं लिहिलेलं: 'आमचा तांडा इकडं हाय.' शेजारी डावीकडं वळलेला बाण!

मोठे साहेब पुढं वाकले. "बाकी सगळे चौकोन, आणि हेच कसं उमटलं? फॉन्ट कोणता आहे हा?"

"सोयाबीनचं कुटार, सायेब! मळणी झाली की उरतंय ते. सारा तांडा लागला होता पसरायला."

चौकोन मी संध्याकाळपर्यंत दुरुस्त केले. पंधरा दिवसांनी भर कामात काकांचा फोन वाजला. लेकीला कळा सुरू झाल्या होत्या आणि फाट्यावर पोचलेला ॲम्ब्युलन्सवाला बोलत होता. मी फोन स्पीकरवर टाकला.

"काका, नकाशात बाण दिसून राहिला, पण हितं रानात बाण न्हाई! जागा बराबर हाय ना?"

काका खुर्चीवरून उठून ओरडले, "बराबर हाय रे बाबा! बाण बैलांनी खाल्ला! तू डावीकडं घे!"